रोमचा धडा आणि आपला पावसाळा

पावसाळ्यात कपाटाचे दार घट्ट बसते, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच हवेत दोनशे वर्षांपूर्वीची पोथी सांभाळायची असेल तर? वस्तुसंग्रहालयाच्या अभिरक्षकापुढे हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. बुरशीने खाल्लेला कागद परत मिळत नाही. म्हणून येथे चुका करत शिकण्याची सोय नाही.

मग शिकायचे कोठे? १९५६ साली नवी दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने यासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र काढण्याचे ठरवले. १९५९ साली ते रोममध्ये सुरू झाले. 'इक्रोम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात अनेक देशांतील अभिरक्षक आणि संवर्धक एकत्र शिकतात.

अशा प्रशिक्षणातला एक मूलभूत धडा सापेक्ष आर्द्रतेचा. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे हा आकडा सांगतो. युरोपातील अनेक संग्रहालयांनी तो ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात पाडला. पण मुंबईत जुलैमध्ये तो बहुधा ८० च्या वर असतो. तेथे ५५ गाठायचे तर यंत्रे रात्रंदिवस चालवावी लागतील. ती मध्येच बंद पडली, तर आर्द्रता झपाट्याने बदलते. लाकूड वाकते, चित्रावरचा रंग सुटतो.

आता आपल्याकडची जुनी रीत आठवू. पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून सुती बासनात घट्ट बांधत. लाकूड व कापड ओलावा शोषतात आणि सावकाश सोडतात. त्यामुळे बाहेरचा बदल पानांपर्यंत हळूहळू पोहोचतो. म्हणजे रोमला जाणाऱ्याजवळ सांगण्यासारखेही काही असते!

२०१४ साली संवर्धकांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी संयुक्तपणे जाहीर केले की, असे आकडे त्या त्या ठिकाणच्या हवामानात गाठता येण्याजोगे असावेत. परदेशातून आकडा आणणे सोपे. मोजायला शिकून येणे महत्त्वाचे.

शाळेत ओल्या व कोरड्या फुग्याचा तापमापक असेल, तर वर्गाची आणि पुस्तकांच्या बंद कपाटाची आर्द्रता आठवडाभर मोजून पाहू या. कोणता आकडा जास्त हलतो?