मांजरीने सतरंजी खराब केली? वास घालवणं आणि पाक करणं, ही दोन वेगळी कामं आहेत

मगरिबची वेळ झालेली असते. बैठकीत सतरंजी, तिच्यावर जानमाज. सजद्यात डोकं टेकलं की तोच तिखट, नाकात शिरणारा वास येतो. सतरंजी कालच धुतली होती. फिनाईल टाकलं होतं, उदबत्तीही लावली होती. तरी वास आहे तिथंच. शेजारीण दारातूनच विचारते, "काहून वो भाभी, घरात कायचा वास येऊन राह्यला?" मग घरातला कुणी मोठा माणूस चिडून ठरवूनच टाकतो: उद्या मांजर पोत्यात घालायची आणि गावाबाहेर सोडून यायची. लेकरं रडायला लागतात.

मांजर पाळणाऱ्या बऱ्याच घरांत हा प्रसंग कधी ना कधी येतो. अशा वेळी आपण तीन गोष्टींची गल्लत करतो. सतरंजी पाक झाली का, हा एक प्रश्न. वास गेला का, हा दुसरा. आणि मांजरीने असं केलं कशामुळे, हा तिसरा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. तिन्ही नीट समजून घेतलं तर सतरंजीही वाचते आणि मांजरही.

मांजर नापाक नाही, तिचं मूत्र नापाक आहे

आधी हे स्पष्ट करून घेऊ. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या हदीस-संग्रहांत हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग आला आहे. वुजूच्या पाण्याजवळ मांजर आली, तेव्हा तिला पिता यावं म्हणून त्यांनी भांडं तिरपं केलं. सून नवलाने पाहत राहिली. तेव्हा त्यांनी सांगितलं की मांजर नजिस नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असं रसूलुल्लाह (स.) यांनी फरमावलं आहे. म्हणजे मांजर जानमाजवर येऊन बसली एवढ्याने जानमाज नापाक होत नाही.

तिचं मूत्र मात्र नजासत आहे. ते कपड्याला, सतरंजीला लागलं तर धुवावंच लागतं. इथं हनफी मसलकातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, जमीन नजासत वाळून तिचा अंश गेला की नमाजपुरती पाक होते. सतरंजी किंवा गालिचा मात्र नुसता वाळल्याने पाक होत नाही, तो धुवावा लागतो.

दोन, जी वस्तू पिळता येते ती तीन वेळा धुऊन, दर वेळी पिळायची. जाड सतरंजी पिळता येत नाही. तिच्यावर पाणी ओतायचं, ठिबकणं थांबेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा ओतायचं. असं तीनदा. वाहत्या पाण्याखाली भरपूर धुतली आणि नजासत गेल्याची खात्री झाली, तरी चालतं.

तीन, नीट धुतल्यावरही न निघणारा थोडा वास किंवा डाग राहिला तर त्याने पाकीला बाधा येत नाही.

यातली तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वास येतो म्हणून धुतलेली सतरंजी पुन्हा पुन्हा धुणारी माणसं आहेत. उलट अत्तर किंवा स्प्रे मारून वास दाबला की काम झालं असं समजणारीही आहेत. अत्तराने सतरंजी पाक होत नाही, आणि राहिलेल्या वासाने ती नापाक राहत नाही. चिकटवलेला गालिचा, गादी, फोमची चटई अशा अवघड वस्तूंबाबत शंका असेल तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना वस्तू दाखवून विचारावं.

धुऊनही वास का येतो?

मांजरीचं मूळ कोरड्या, वाळवंटी मुलखातलं. तिचं शरीर पाणी वाचवतं, म्हणून मूत्र थोडं पण फार घट्ट असतं. त्यात युरिया असतो. युरियाला स्वतःचा वास नाही, पण जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो. त्याशिवाय मांजरीच्या मूत्रात 'फेलिनिन' नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. तो कसा बनतो हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये उलगडून दाखवलं. फेलिनिन हळूहळू तुटतं आणि त्यातून मांजरीचा म्हणून ओळखला जाणारा उग्र वास निघतो. म्हणूनच पहिल्या तासाला फारसा न जाणवणारा वास दुसऱ्या दिवशी घरभर होतो. नसबंदी न झालेल्या बोक्यांमध्ये फेलिनिन सगळ्यात जास्त असतं.

आता आपली सतरंजी पाहा. अकोट हे कापसाचं गाव आणि इथल्या सतरंज्यांचं नावही जुनं. सुती सतरंजी टिकाऊ असते, उन्हाळ्यात गार वाटते. पण सुती धागा ओल पिऊन घेतो. मूत्र वरून वाटीएवढ्या जागेवर दिसतं, खाली मात्र ताटाएवढं पसरलेलं असतं आणि फरशीच्या सांध्यांतही उतरतं. आपण वरून ओल्या फडक्याने पुसतो, खालचं तसंच राहतं. ते वाळून त्याचे क्षार धाग्यात बसतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की क्षार ओल धरतात आणि उन्हाळ्यात गेला असं वाटलेला वास परत उठतो.

पाण्याचाही भाग आहे. अकोट तालुक्यातली बरीच गावं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतात. बोअरच्या खाऱ्या पाण्याला साबणाचा फेस धरत नाही, आणि त्या पाण्यातले क्षारही वाळल्यावर धाग्यातच राहतात. म्हणून पहिली धुणी बोअरच्या पाण्याने केली तरी शेवटची तरी वान धरणाच्या, नळाच्या गोड्या पाण्याने करावी. नळ यायच्या दिवशीच हे काम काढलं तर सोपं जातं.

ताजं असेल तर

१. घासू नका. घासल्याने मूत्र पसरतं आणि धाग्यात आणखी खोल जातं. जुना सुती दुपट्टा किंवा पंचा चार घड्या करून त्यावर ठेवा आणि पायाने दाबा. फडकं बदलत राहा, कोरडं निघेपर्यंत.

२. थंड पाणी ओता आणि पुन्हा टिपा. गरम पाणी किंवा इस्त्री नको. उष्णतेने वास आणि डाग धाग्यात पक्के बसतात.

३. सतरंजी उचलून खालची फरशीही धुवा. हे राहून जातं, आणि वास तिथूनच परत येतो.

जुना, मुरलेला वास असेल तर

आधी जागा शोधा. दुकानदार खोट्या नोटा ओळखायला जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी वापरतात. रात्री दिवे घालवून ती सतरंजीवर फिरवली तर मूत्र वाळलेल्या जागा फिकट पिवळसर-हिरव्या चमकतात. खडूने त्यांच्याभोवती खूण करा. मग पुढच्यापैकी एक उपाय निवडा. सगळे एकत्र करू नका.

एन्झाइमवालं क्लिनर: पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारं हे द्रव वास दाबत नाही, वासाचं मूळच तोडतं. अकोटच्या दुकानात नसेल तर ऑनलाइन मागवता येतं. मूत्र जितकं खोल गेलं तितकं हे खोल जायला हवं, म्हणून नुसतं शिंपडू नका, जागा भिजवा. बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या, मग वाळवा. आधी त्या जागी फिनाईल किंवा साबण टाकला असेल तर साध्या पाण्याने काढून टाका, नाहीतर एन्झाइम काम करत नाही.

शिरका आणि खाण्याचा सोडा: पांढरा शिरका आणि पाणी समान घ्या. जागा भिजवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, टिपून घ्या. शिरक्यातल्या आम्लामुळे अमोनिया मरतो. जागा वाळली की वर सोडा पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून काढा. दोन्ही एकाच वेळी मिसळले तर फेस छान येतो, पण दोघंही एकमेकांना निकामी करतात. हलक्या वासाला हा उपाय पुरतो, बोक्याच्या जुन्या वासाला बहुतेक वेळा पुरत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड: मेडिकलवर मिळतं. गंधकाच्या वासावर हे चांगलं चालतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाका. याने रंग उडू शकतो, म्हणून आधी सतरंजीच्या कोपऱ्यावर करून पाहा. गडद रंगाच्या किंवा लोकरीच्या गालिच्यावर न वापरलेलं बरं. हातमोजे घाला. हे शिरक्यात मिसळू नका.

शेवटी, कोणताही उपाय केला तरी सतरंजी गच्चीवर किंवा अंगणात नेऊन वर सांगितल्याप्रमाणे तीनदा पाण्याने धुवा. त्याने क्लिनरही निघतो आणि पाकीचाही प्रश्न सुटतो. मग दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेच्या उन्हासारखा वाळवणारा दुसरा नाही. पावसाळ्यात पंख्याखाली, दोन खुर्च्यांवर टाकून वाळवा. आतून ओली राहिलेली सतरंजी पुन्हा अंथरली तर कुबट वास वेगळाच सुरू होतो.

हे मात्र करू नका

फिनाईल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजर वावरते तिथं टाकू नका. यातले फिनॉल गटातले पदार्थ मांजरीचं यकृत नीट पचवू शकत नाही. ती ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्याही तशाच घातक. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लिचचं पाणी मूत्रावर ओतलं तर अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो. ब्लिच आणि ॲसिड एकत्र करणं तर त्याहून धोक्याचं. बंद न्हाणीघरात ते माणसाच्याही जिवावर बेतू शकतं. अमोनिया असलेलं क्लिनर वापरलं तर मांजरीला ती आपलीच जागा वाटते आणि ती पुन्हा तिथंच जाते.

मांजरीने असं का केलं?

सतरंजी साफ झाली पण कारण राहिलं, तर आठवड्याने पुन्हा तेच. कारणं बहुतेक वेळा साधी असतात.

बोका भिंतीला, पडद्याला, पलंगाच्या पायाला शेपूट ताठ करून उभ्याने पिचकारी मारत असेल तर तो हद्द आखतोय. नसबंदीने हे बरंच कमी होतं आणि मूत्राचा उग्रपणाही उतरतो. नसबंदी जाइज आहे का, अशी शंका असेल तर आलिमांना विचारून घ्या.

मांजर बसून सतरंजीवर करत असेल तर तिची जागा तपासा. टब किंवा टोपल्यात रेती ठेवली आहे का? ती रोज साफ होते का? तिच्या खाण्याच्या ताटलीला लागूनच तर नाही ना? घाण रेतीत मांजर जात नाही. दोन मांजरी असतील तर तीन टब ठेवा. घरात कुणी गरोदर असेल तर हा टब तिने साफ करू नये. मांजरीच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला धोक्याचा असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नेहमी जागेवर जाणारी मांजर अचानक कुठंही करू लागली, वारंवार बसते, ओरडते, थेंब-थेंब येतं किंवा मूत्रात रक्त दिसतं, तर ती खोडी नाही, आजार आहे. बोक्याचं मूत्र पूर्ण अडलं तर तो एक-दोन दिवसांत मरू शकतो. अशा वेळी सतरंजी बाजूला ठेवा आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. अकोटहून अकोला साधारण ४५ किलोमीटर, आणि अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. ज्या मांजरीला आपण पोत्यात घालायला निघालो होतो, ती कदाचित दुखतंय हेच सांगत होती.

पोत्यात घालून सोडणं हा उपाय नाहीच. घरात वाढलेली मांजर रस्त्यावर कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जाते. पाळलेला जीव असा टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाल्याची हदीस तर आपल्याकडे लहान लेकरांनाही सांगितली जाते.

मस्जिदे नबवीत एका गावंढळ माणसाने लघवी केली, तो प्रसंगही आपण ऐकलेला आहे. लोक त्याच्यावर धावून गेले. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना थांबवलं आणि त्या जागेवर पाण्याची बादली ओतायला सांगितली. ओरडणं नाही, हाकलणं नाही, आधी पाणी. घरातल्या सतरंजीसाठीही सुरुवात तिथूनच करू या.