चाकांवरचे घर आणि आपले दार

चाकणच्या तळेगाव चौकापासून रात्री जाताना रस्त्याच्या कडेला ट्रक आणि कंटेनर यांची रांग दिसते. आपल्या दृष्टीने ती वाहतुकीची अडचण असते. परंतु त्या प्रत्येक केबिनमध्ये कोणाचे तरी अंथरूण, पाण्याचा कॅन, देवाची तसबीर आणि चार भांडी असतात. महिन्यातील बहुतेक दिवस तेच त्या माणसाचे घर असते. भोसरी, चाकण, तळेगाव येथील कारखाने व त्यांच्या आधाराने चालणारी आपली दुकाने आणि गोदामे या चालत्या घरांवर अवलंबून आहेत. म्हणूनच त्या घरात सुरक्षितपणे कसे राहावे आणि त्यासाठी मालधन्याने काय करावे, हा विषय व्यापारी कुटुंबाने आपला मानला पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कालव्यांतून कोळसा आणि इतर माल वाहणाऱ्या नावांवर संपूर्ण कुटुंबे राहत असत. जेमतेम सात फूट रुंदीच्या नावेच्या एका टोकाला लहानशी खोली असे. चूल, बिछाना आणि मुलेबाळे सारे त्यातच. कोलव्हिल गावच्या जॉर्ज स्मिथ यांनी त्या हालअपेष्टांकडे लक्ष वेधले आणि १८७७ मध्ये कायदा झाला. राहत्या नावेची नोंदणी आणि तीत किती माणसांनी राहावे याची मर्यादा त्याने घालून दिली. माल वाहणारे साधन हे माणसाचे घरही असते, ही गोष्ट अशा रीतीने कायद्याने मान्य केली.

आपल्याकडेही त्या दिशेने पाऊल पडले आहे. आता नव्याने तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांत वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. जुन्या गाड्या मात्र पुढील अनेक वर्षे रस्त्यावर राहणार आहेत. ज्यांच्या घरच्या गाड्या आहेत, त्यांनी पुढील गोष्टी आपल्या चालकांशी बसून बोलाव्यात.

पहिली गोष्ट हवेची. बंद केबिनमध्ये स्टोव्ह, गॅस किंवा शेगडी कधीही पेटवू नये. थंडीच्या रात्री तर मुळीच नाही. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही तोच धोका आहे. सावलीसाठी गाडीखाली झोपण्याची सवय तर जिवावर बेतते. चाके हलण्यापूर्वी खाली कोणी आहे का, हे पाहिलेच जाईल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट अग्नीची. स्वयंपाक गाडीबाहेर, डिझेलच्या टाकीपासून दूर करावा. सिलिंडर उभा व बांधलेला असावा, नळी वेळेवर बदलावी, प्रवासात झडप बंद ठेवावी. ज्वलनशील माल भरला असेल तर चूल पेटवूच नये.

तिसरी पाण्याची. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि वापरण्याचे पाणी वेगळे असावे. उन्हाळ्यात एका माणसाला पिण्यासाठीच दिवसाला तीन-चार लिटर पाणी लागते. पाणी गाळून व झाकून ठेवण्याची आपल्या घरची शिस्त येथेही उपयोगी पडते.

चौथी विजेची. जड ट्रकची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. पंखा, दिवा, चार्जर रात्रभर चालले की सकाळी बॅटरी बसते. कमी विजेवर चालणारा पंखा, फ्यूज असलेली जोडणी आणि मच्छरदाणी एवढ्याने रात्र बरी जाते. मुक्कामासाठी शक्यतो तेल कंपन्यांच्या पंपांवरील ‘अपना घर’ विश्रांतिगृहे किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीसारखी जागा निवडावी. अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला उभे राहू नये.

आता आपल्या बाजूचे. चालकाची झोप बहुधा आपल्याच वेळापत्रकामुळे मोडते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. बुधवारी रात्री पोहोचलेली गाडी शुक्रवारपर्यंत फाटकाबाहेर उभी राहते. पर्युषणात आपले व्यवहार लवकर आटोपतात, तेव्हाही हेच घडते. म्हणून गाडी निघण्यापूर्वीच माल उतरवण्याची वेळ ठरवावी व ती चालकास फोनवर कळवावी. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, हेही त्या हिशेबात धरावे.

ई-वे बिलाचाही असाच विचार करावा. साधारण मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. गाडी घाटात किंवा कोंडीत अडकली तर मुदत संपण्यापूर्वीच्या व नंतरच्या आठ तासांत, कारण नोंदवून ती वाढवून घेता येते. हे काम कार्यालयात बसून पाच मिनिटांत होते. ते न करता ‘काहीही करून सकाळपर्यंत पोहोच’ असे सांगणे म्हणजे थकलेल्या माणसाला खंडाळ्याच्या उतारावर लोटणे होय.

गोदामाच्या दाराशी फार काही लागत नाही: शौचालयाची किल्ली, पिण्याच्या पाण्याचा नळ, सावलीतला एक बाक आणि अंघोळीपुरती आडोशाची जागा. बहुतेक गोदामांत हे सारे असते. फक्त चालकाला ते वापरू दिले जात नाही. पहारेकऱ्याला तशी स्पष्ट सूचना द्यावी आणि मराठी व हिंदीत एक पाटी लावावी. मालाची पावती करताना चालकाला जेवण झाले का, केव्हा झोपलात, एवढे विचारावे. झोप झाली नसेल तर परतीचा माल सकाळी भरावा.