शूटिंगला निघालेल्या मुलांना विचारा: परवानगीचा कागद कुठे आहे?

आपल्या घरांतील मुले-मुलीही आता मास मीडियाच्या आणि फिल्मच्या अभ्यासक्रमांकडे वळत आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला कॉलेज सांगते, दहा मिनिटांची फिल्म करून आणा. मग एके रात्री जेवताना मुलगी म्हणते, "अम्मी, रविवारी पहाटे शूटिंग आहे. घरी यायला उशीर होईल." अम्मी विचारते, "सोबत कोण कोण आहे?" अब्बा विचारतात, "खर्च किती येणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो: "ती जागा आधी कुणी पाहून आले आहे का? आणि तिथे शूटिंग करायला परवानगी कुणी दिली?"

या तिसऱ्या प्रश्नावर कधी कधी एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

रुळावरचा पलंग

२० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचे युनिट एका नदीवरच्या रेल्वे पुलावर गेले. एका स्वप्नदृश्यासाठी रुळांवर लोखंडी पलंग ठेवला होता. त्या मार्गावर गाड्यांची ये-जा चालू होती आणि रुळांवर चित्रीकरण करण्यास रेल्वे कंपनीने नकार दिला होता. गाडी दिसली तर बाजूला व्हायला साठ सेकंद मिळतील, असे युनिटला सांगण्यात आले होते. गाडी आली तेव्हा तेवढा वेळ मिळाला नाही. गाडी पलंगावर आदळली. कॅमेरा विभागात काम करणारी सारा जोन्स जागीच मरण पावली. ती २७ वर्षांची होती. आणखी काही जण जखमी झाले. पुढे दिग्दर्शकाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगात जावे लागले.

साराच्या आई-वडिलांनी त्यानंतर चित्रीकरणातील सुरक्षिततेचे काम हाती घेतले. जगभरच्या कॅमेरामननी आपल्या क्लॅपबोर्डवर तिचे नाव लिहून तिची आठवण जागवली.

हे युनिट नवशिक्यांचे नव्हते. मग चूक कुठे झाली? नकाराचा कागद असतानाही काम पुढे रेटले गेले. विद्यार्थ्यांच्या युनिटमध्ये तर पैसा कमी, वेळ कमी आणि उत्साह भरपूर. "पाच मिनिटांचे तर काम आहे, कोण बघतंय?" हे वाक्य तिथे हमखास ऐकू येते. आपल्याकडेही विनापरवाना रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. मुलांना पकडले तर कॉलेज त्यांच्यासोबत उभे राहीलच असे नाही.

आधी जागा, मग कॅमेरा

फिल्मवाले जागेच्या पाहणीला 'रेकी' म्हणतात. ज्या वेळी शूटिंग करायचे, त्याच वेळी रेकी करावी. दुपारी शांत दिसणारी गल्ली संध्याकाळी गाड्यांनी भरून जाते. समुद्रकिनाऱ्यावरील जे खडक सकाळी कोरडे असतात, ते साधारण सहा तासांनी भरतीच्या पाण्याखाली जातात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी.

पाण्याच्या दृश्याबाबत तर तडजोड नकोच. नोव्हेंबर २०१६ मध्ये बेंगळुरूजवळच्या जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी दोन कलाकारांनी हेलिकॉप्टरमधून उडी मारली. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. दोघेही बुडाले. पोहता येत नसेल, काठावर जीवरक्षक नसेल, तर ते दृश्य कथेतून काढून टाकावे. चांगला लेखक दुसरा मार्ग शोधतो.

जागा सार्वजनिक असेल तर तिथल्या यंत्रणेची लेखी परवानगी घ्यावी आणि पोलीस ठाण्याला कळवावे. महाराष्ट्रात अशा परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीची एक खिडकी योजना आहे. कॉलेजचे ओळखपत्र आणि शिक्षकांचे पत्र सोबत ठेवावे. कथेत पिस्तूल किंवा सुरा असेल, तर तो खेळण्यातलाच असावा आणि उघड्यावर मुळीच काढू नये. हातात पिस्तूल घेऊन गल्लीत धावणारा मुलगा अभिनय करतो आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कसे कळणार? गैरसमज व्हायला क्षण पुरतो, निस्तरायला वर्षे जातात. असे दृश्य बंद खोलीत, शेजाऱ्यांना सांगून करावे.

घरातले शूटिंगही निर्धोक नसते

पैसे वाचवायला बरीच मुले घरातच शूटिंग करतात. तिथे धोका विजेचा. एक हजार वॅटचा दिवा साधारण साडेचार अँपिअर वीज ओढतो. घरातला लहान प्लग पॉइंट बहुधा सहा अँपिअरचा असतो. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असे दोन दिवे लावले की वायर तापू लागते. दिवे वेगवेगळ्या पॉइंटवर लावावेत, पडदे आणि ओढण्यांपासून दूर ठेवावेत. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी. जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने बसवाव्यात, म्हणजे कुणी अडखळणार नाही. विझवलेला दिवा निवेपर्यंत त्याला हात लावू नये.

एका पानाचा कागद

शूटिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या हाती एक पान पडले पाहिजे. त्याला कॉलशीट म्हणतात. त्यात जागेचा पत्ता, येण्याची आणि सुटण्याची वेळ, सर्वांचे व त्यांच्या घरचे फोन, जवळचे रुग्णालय आणि १०८ व ११२ हे क्रमांक असावेत. जेवणाची, नमाजची सुट्टी त्यातच लिहावी. रमजानमध्ये शूटिंग असेल तर उन्हातले आणि उंचावरचे काम सकाळीच उरकावे, इफ्तारच्या वेळी काम थांबावे. दिवस बारा तासांच्या पुढे जाऊ देऊ नये. रात्रभर जागलेल्या मुलाने पहाटे मोटारसायकल चालवत घरी येणे हाही शूटिंगचाच धोका आहे. परतीच्या रिक्षाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरावेत.

या पानामागे तीन रकाने आखावेत: धोका कोणता, कुणाला, उपाय काय. आणि एका मुलाला किंवा मुलीला सुरक्षिततेची जबाबदारी द्यावी. ही व्यक्ती दिग्दर्शक नसावी, कारण दिग्दर्शकाचे लक्ष दृश्यात गुंतलेले असते. तिने "थांबा" म्हटले की कॅमेरा थांबला पाहिजे, वाद नंतर घालावा.

घरच्यांचे काम

मुलांना शूटिंगला पाठवूच नये, असे यातून कुणी समजू नये. नुसती बंदी घातली तर मुले सांगायचे बंद करतात, आणि मग कुठल्या पुलावर उभी आहेत हे आपल्याला कळतही नाही. त्यापेक्षा कॉलशीट मागावी. ती नसेल तर सोबत बसून तयार करावी. आणि निघताना एवढे सांगावे: "बेटा, काही चुकीचे वाटले तर नाही म्हण. मार्क गेले तर आम्ही रागावणार नाही."

चार जणांसमोर "नाही" म्हणणे विशीतल्या मुलाला सोपे नसते. घर पाठीशी आहे हे ठाऊक असेल, तरच तो शब्द त्याच्या तोंडून वेळेवर निघतो.