आधी डाग ओळखा!

दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाई निघते. माळ्यावरचे डबे खाली येतात, जळमटं निघतात आणि एरवी ‘अभ्यास कर’ म्हणून मागे लागणारी आईच हाक मारते, “चल, समई घासायला बस!” अशाच एका साफसफाईत मी काय वेडेपणा केला, तो आधी सांगते. वर्गात सांगितला तेव्हा मुलं हसली होती. तुम्हीही हसा हवं तर, पण विसरू नका.

लग्नानंतरची माझी पहिलीच दिवाळी. न्हाणीघरात नळाखालच्या टाइल्सवर पांढरे डाग पडले होते, काही केल्या निघेनात. मी त्यांवर ब्लीचिंग पावडर पसरली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वरून संडास धुण्याचं ॲसिड ओतलं. दोन औषधं एकत्र केली की सफाई दुप्पट, असा माझा हिशेब! क्षणात असा उग्र भपकारा आला की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, श्वास कोंडला. सासूबाईंनी मला ओढून अंगणात आणलं, म्हणून वाचले. रात्रीपर्यंत खोकत होते.

तो वायू होता क्लोरीन. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्यानं शत्रूवर हाच वायू सोडला होता. आणि मी तो दाराला कडी लावून स्वतःच्याच न्हाणीघरात तयार केला!

सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, डाग कसला आहे ते आधी बघितलंस का?”

खरंच, मी बघितलं नव्हतं. ते डाग मळाचे नव्हतेच. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. ते वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात आणि चुनखडीचा थर जमतो. चुनखडीला हवं आंबट. सासूबाईंनी सरबत करून उरलेल्या लिंबाच्या फोडी त्यावर चोळल्या, अर्धा तास तसंच ठेवलं आणि जुन्या टूथब्रशनं घासलं. नीट पाहिलं तर बारीक बुडबुडे दिसतात. लिंबातलं आम्ल चुनखडी विरघळवतं, तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याचे ते बुडबुडे. थर जाड असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. हात दुखतात, हे मान्य. पण श्वास कोंडत नाही!

तांब्या-पितळेचं काळवंडणंही आंबटालाच भितं. हवेमुळे तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो चिंचेतल्या आम्लात विरघळतो. म्हणून आजीच्या ताम्हनाला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ. घासून झालं की भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडं पुसा. आंबटपणा मागे राहिला, तर भांडं पुन्हा डागाळतं आणि पुन्हा तुम्हालाच बसावं लागतं.

गॅसच्या ओट्यावरचा तेलकट चिकटा मात्र लिंबाला दाद देत नाही. तिथं खाण्याचा सोडा ओलसर करून चोळायचा, मग गरम पाण्याच्या फडक्यानं पुसायचं. पूर्वी चुलीची राख हेच काम करायची. लाकडाच्या राखेत अल्कली असते. ती तेलाशी मिळाली की थोडासा साबणच तयार होतो. आता चूल नाही, तर राख कुठून आणणार?

आणि रिठा! आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून, साली रात्रभर भिजवा. सकाळी मोठ्या माणसांकडून उकळून आणि गाळून घ्या. हलवलं की फेसच फेस. त्यात सॅपोनिन असतं. ते एका अंगानं पाण्याला धरतं आणि दुसऱ्या अंगानं तेलाला, म्हणून मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. रेशमी साड्या, लोकरीचे स्वेटर आणि दागिने आमच्या घरी अजून यातच धुतले जातात. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

एक गंमत. सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून येतं आणि वाटतं, वा, किती जोर! प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांचा जोर मारून टाकतात. फेस ओसरला की उरतं ते जवळजवळ खारट पाणी. म्हणजे दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या की दुप्पट फायदा होतो, हे इथंही खरं नाही.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर संडास-न्हाणीघर लिंबावर सोडू नका. तिथं जंतुनाशकच हवं. ते एकटंच वापरा आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच घ्या. फिनेल किंवा ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. तहानलेलं मूल वास घेत बसत नाही, सरळ बाटली तोंडाला लावतं.

लिंबाचं एवढं कौतुक केलं, तर त्याचा एक प्रतापही सांगायलाच हवा. पुढच्या वर्षी मी उत्साहानं स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवरचा चहाचा डाग लिंबानं घासला. चहा गेला, पण फरशीची चकाकीही गेली. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड! लिंबानं त्याला थोडं खाल्लं होतं. संगमरवराचंही तेच होतं. त्या पांढुरक्या ठिपक्यावर मी आता पाण्याचा माठ ठेवला आहे. सासूबाई गावाहून आल्या की माठ जरासा सरकवून बघतात आणि काही न बोलता पुन्हा जागेवर ठेवतात.