स्वप्रदेशातील साहित्यकृतीचे वाचन : ‘बनगरवाडी’च्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठीत प्रादेशिक कादंबरीची परंपरा समृद्ध आहे. श्री. ना. पेंडसे यांचे कोकण, उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील वऱ्हाड आणि व्यंकटेश माडगूळकर यांचा माणदेश ही तिची परिचित उदाहरणे होत. या कादंबऱ्यांची चर्चा मुख्यतः लेखक आणि प्रदेश यांच्या संबंधांच्या अंगाने होते. त्याच प्रदेशातील वाचकाचा विचार तुलनेने कमी होतो. माणदेशातील विद्यार्थी ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचतो तेव्हा नेमके काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिचयाचा लाभ :
माण नदीचे खोरे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. तेथील वाचकाला उजाड माळ, मेंढरांचे कळप आणि पावसाची वाट पाहणे यांची कल्पना करावी लागत नाही. ‘कारभारी’ या शब्दामागील मान त्याला तळटीपेवाचून कळतो. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा त्याला घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी स्मरतात.

परिचयाची मर्यादा :
तथापि, परिचय म्हणजे आकलन नव्हे. कादंबरीतील वाडी औंध संस्थानच्या काळातील आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडी परिसरात आले असून तेथे डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. त्यामुळे आजचा विद्यार्थी आपल्याच भूमीचा, परंतु वेगळ्या काळाचा अनुभव वाचत असतो. दुसरे असे की, कादंबरीचा निवेदक हा धनगरांच्या वाडीत बाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे. एकाच माणदेशात लेखणी हाती असलेला आणि मेंढरांमागे फिरणारा असे दोन अनुभव नांदतात. आपण कोणाच्या नजरेने वाडी पाहत आहोत, हा प्रश्न स्थानिक वाचकानेही विचारावयास हवा.

भाषेचा प्रश्न :
‘बनगरवाडी’त निवेदन प्रमाण मराठीत, तर पात्रांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत. अध्यापक या संवादांतील जिवंतपणाची प्रशंसा करतात. मात्र तीच बोली विद्यार्थ्याच्या तोंडी आली की ती ‘अशुद्ध’ ठरते. एकाच तासिकेत घडणारी ही विसंगती विद्यार्थ्याला गप्प करते. आपली भाषा पुस्तकात शोभते, वर्गात नाही, असा अर्थ तो काढतो.

निष्कर्ष :
स्वप्रदेशातील साहित्यकृती वाचकाला आत्मविश्वास देऊ शकते. परंतु ते आपोआप घडत नाही. विद्यार्थ्याला केवळ बोलीतील शब्दांचे अर्थ सांगणारा माहीतगार न मानता कृतीचा चिकित्सक वाचक मानणे आवश्यक आहे. कादंबरीतील वाडी आणि आजचे गाव यांतील अंतर त्याने स्वतःच्या भाषेत मांडावे व त्यानंतर प्रमाण भाषेत लिहावे, असा क्रम वर्गात स्वीकारता येईल. प्रादेशिक साहित्याच्या अध्यापनाचे यश बोलीच्या गौरवापेक्षा ती बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या स्थानावरून ठरते.