अंतःकर्णाचे संशोधन आणि आपला श्रवणतपासणी कक्ष

श्रवणतपासणी कक्षावर एवढा खर्च कशासाठी, अशी पृच्छा काही देणगीदार हितचिंतकांनी केली आहे. हिशेबाच्या रकान्यांत तिचे उत्तर मावत नाही. म्हणून अंतःकर्णाच्या आजारांवरील संशोधनाचा थोडा इतिहास येथे देत आहोत.

अंतःकर्ण कवटीच्या अत्यंत कठीण हाडात दडलेले असते. जिवंत माणसात त्याचा तुकडा काढून तपासता येत नाही, त्यामुळे संशोधकांना बाहेरच्या खुणांवरूनच आतला अंदाज बांधावा लागला. भोवळ हा मेंदूचाच विकार मानला जात असताना, पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतील डॉ. प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली तिचे मूळ अंतःकर्णात असू शकते, असे मांडले. पुढे रॉबर्ट बारानी यांनी कानात कोमट व गार पाणी सोडून बुबुळांची हालचाल पाहण्याची परीक्षा शास्त्रशुद्ध केली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

आपल्या नांदेड-लातूर भागाशी या इतिहासाचा संबंध आला तो क्षयरोगाच्या वाटेने. १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने असंख्य क्षयरुग्णांचे प्राण वाचविले. परंतु थोड्याच वर्षांत अमेरिकेतील डॉक्टरांना आढळले की, काही रुग्णांचा तोल कायमचा जातो. अंतःकर्णातील केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी हे औषध नष्ट करते, आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. असा रुग्ण दिवसा कसाबसा चालतो. अंधारात शेताच्या बांधावर मात्र त्याचा झोक जातो. किनवट, देगलूर, उदगीरकडे याला कोणी अशक्तपणा म्हणते, कोणी बाहेरची बाधा. क्षयाचे उपचार पुन्हा घ्यावे लागणाऱ्यांना भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात ही इंजेक्शने दोन महिने दिली जात. ती पद्धत वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सांगितले.

याच कुळातील जेंटामायसिन व अमिकॅसिन मात्र नवजात अर्भकांच्या जंतुसंसर्गावर आजही द्यावी लागतात. आईकडून येणारा एक जनुकीय दोष असल्यास थोड्या मात्रेनेही बहिरेपणा येऊ शकतो, हे १९९३ साली उघड झाले. म्हणून बाळाची आजी, मामा, मावशी यांपैकी कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले काय, हे आम्ही आधी विचारतो आणि घरी पाठविण्यापूर्वी बाळाची श्रवणतपासणी करतो. ही तपासणी निःशुल्क आहे. यंत्राची वार्षिक देखभाल तशी नाही. दोष आढळलेल्या बाळांना नांदेड अथवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठविले जाते व गरजूंचा प्रवासखर्च रुग्णसाहाय्य निधीतून दिला जातो.