वेफरचे रिकामे पाकीट कोणाचे?

कचऱ्याचे कायदे दोन तऱ्हेचे असतात. काही कायदे कचरा कुठे टाकायचा ते सांगतात. काही कायदे मात्र कचरा मुळात कमी व्हावा, यासाठी त्याचा भार कोणावर तरी टाकतात. तो कोणावर टाकायचा, यावर प्रत्येक देशाचे उत्तर वेगळे आहे.

दक्षिण कोरियाने तो घरमालकावर टाकला. १९९५ पासून तिथे घरचा कचरा विकत घेतलेल्या ठराविक पिशवीतूनच द्यावा लागतो. जितका कचरा, तितके पैसे. आयर्लंडने २००२ मध्ये दुकानातल्या प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसवला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. बांगलादेशात पिशव्यांनी गटारे तुंबून पुराचा त्रास वाढत होता. तिथे त्याच वर्षी पातळ पिशव्यांवर सरळ बंदी आली. जर्मनीने तर जून १९९१ मध्येच वेष्टन परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली.

त्याच महिन्यात केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. इथल्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. बाहेरच्या कारखान्यांतून येणाऱ्या वेष्टनांवर मात्र नाही.

महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. पण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता. तलासरीजवळ आच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात, आणि दादरा-नगर हवेलीही शेजारीच. काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर एकच बंदी आली ती १ जुलै २०२२ पासून.

तरीही वेफरचे पाकीट सुटलेच. प्लास्टिक आणि चकचकीत पत्र्याचे थर चिकटवलेले हे पाकीट भंगारवालाही घेत नाही. पुनर्वापर न होणारी अशी पाकिटे दोन वर्षांत बंद करावीत, असे केंद्राच्या २०१६ च्या नियमांत होते. २०१८ च्या दुरुस्तीत मात्र, ज्यापासून ऊर्जा मिळते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, त्याला सूट मिळाली. कंपन्यांनी किती प्लास्टिक गोळा करायचे, याची वर्षवार उद्दिष्टे २०२२ मध्ये ठरली.

२०१६ च्याच नियमांनी गावातल्या प्लास्टिकची जबाबदारी ग्रामपंचायतीकडे दिली. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवण झाल्यावर उकिरड्यात गेली की तिचे खत होते. तिच्यासाठी कायदा लागत नाही. पाकीट मात्र तसेच राहते. ते विकून नफा दूरच्या कंपनीला आणि उचलण्याचा खर्च पाड्यावरच्या पंचायतीला, हा हिशेब जुळत नाही. गोळा केलेले प्लास्टिक कोणती कंपनी नेणार आणि त्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत विचारायलाच हवा.